गठ्ठ्यात कमी पडलेली घोंगडी

मित्रांनो, मला हात लावाल तर टोचेन, हे आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी घोंगडी आहे. माझा रंग मूळचा करडा, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. एका कडेला लाल पट्टी शिवलेली आहे, ती निम्मीअधिक उसवली आहे. एका कोपऱ्यात काळपट डाग आहे. तो धुऊन जात नाही, आणि आता कुणी धुवायलाही जात नाही.

टिरोलच्या डोंगरात ओबरलान नावाचं गाव आहे. तिथल्या हट्टी मेंढ्यांची लोकर ती माझी लोकर. विणून झाल्यावर मला ओढ्याकाठच्या गिरणीत नेलं. तिथे पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे ओल्या कापडाला कुटत बसतात. धागा धाग्याला असा चिकटतो की मग वाऱ्याला आत शिरायला फट मिळत नाही. मला इतकं बडवलं की आपण जन्मालाच का आलो, असं वाटलं. पण त्या माराने जी मी घट्ट झाले ती आजही तशीच आहे. अलीकडच्या त्या मऊमऊ रंगीत पांघरुणांना फुंकर मारली तरी थंडी भरते. असो. म्हाताऱ्या बाईने तरुणांना नावं ठेवू नयेत.

मला वाटलं होतं, कुणाच्या तरी उबदार पलंगावर जाईन. पण नशिबात डोंगर चढणारी लिफ्ट होती.

आत्ता असतात तशा काचेच्या बंद डब्या त्या वेळी नव्हत्या. एकेका माणसापुरती लाकडी खुर्ची, वरच्या जाड तारदोराला टांगलेली, आणि पायाखाली नुसती हवा. अशा खुर्च्या एकामागून एक खालून वर जायच्या, वरच्या मोठ्या चाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने खाली यायच्या. त्या थांबत नसत. चालत्या खुर्चीवर बसायचं आणि चालत्या खुर्चीवरूनच उतरायचं. वर पोचेपर्यंत नाकाचं टोक आपलं आहे की नाही तेही कळेनासं व्हायचं. म्हणून पाहुणा खाली बसला की त्याला एक घोंगडी गुंडाळून द्यायची, वर उतरला की काढून घ्यायची. उतरताना पुन्हा तसंच. उरलेल्या घोंगड्या रिकाम्या खुर्च्यांवर घालून जिथे लागतील तिथे पाठवायच्या. आम्ही बहिणी दिवसभर वर आणि खाली, खाली आणि वर.

खाली असायची बुर्गी. खरं नाव नोटबुर्गा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. रुंद बांध्याची, लालबुंद हातांची बाई. येणारी खुर्ची ती दोन्ही हातांनी धरायची, पाहुण्याच्या गुडघ्यांमागे अलगद टेकवायची आणि दुसऱ्या क्षणी त्याला घोंगडीत गुंडाळून मोकळी व्हायची. वर असायचा तिचा धाकटा भाऊ रोमेड. उंच, करड्या मिशीचा. पाहुण्यांसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. पण दोन्ही टोकांना एक टेलिफोन होता, आणि त्याच्यावर दोघं भावंडं दिवसभर भांडायची.

"बुर्गे, हा कोण पाठवलायस? माणूस आहे की दारूचं पिंप?"

"हळू बोल मेल्या, ऐकेल तो. उतरवताना कंबर सांभाळ तुझी."

"घोंगडीखाली सॉसेज लपवलाय त्याने. मला वास आलाय."

"मग माग त्याच्याकडे अर्धा. सकाळपासून काही खाल्लं नसशीलच तू."

"तू कुठे काय दिलंस खायला?"

"डबा दिलाय, डबा! दाराशी विसरून गेलायस, बैला!"

पाहुणे अंथरुणातून उठायच्या आधी ही दोघं फावडी घेऊन कामाला लागलेली असत. रात्रभरात पडलेला बर्फ उपसायचा, पाहुण्याचा पाय घसरू नये म्हणून जागा सपाट करायची, चाकांवरचं बर्फाचं कवच ठोकून पाडायचं. वादळ होऊन गेलं की रोमेड खांबावर चढून प्रत्येक रुळाला हाताने ग्रीस लावायचा. मग पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय सुंदर डोंगर आहे. डोंगर सुंदर होताच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त घोंगडी घेताना आणि परत देताना त्यांची नजर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी टेकत नसे. खुंटीवर कोट अडकवताना आपण खुंटीकडे कुठे बघतो? तसंच ते.

काही पाहुणे तर आम्हालाच घेऊन पसार व्हायचे. कोटाच्या आत गुंडाळून, गाडीच्या डिकीत घालून. माझ्या कितीतरी बहिणी अशाच गेल्या. मॅनेजर गेबहार्ट साहेब मग बुर्गीवर डाफरायचे. त्यांनी एक पाटीच रंगवून घेतली होती : घोंगड्या पाहुण्यांसाठी आहेत. लिफ्टवरच्या माणसांनी त्यांना अंगावर घ्यायचं नाही. मिशीवर बर्फ लोंबत असताना रोमेड आम्हाला घड्या घालत उभा राहायचा, पण इतक्या वर्षांत त्याने कधी आमच्यातली एकही खांद्यावर टाकली नाही.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. संध्याकाळी शेवटचा पाहुणा खाली गेला की रोमेड वरच्या सगळ्या घोंगड्या पट्ट्याने आवळून त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि एका खुर्चीवर चढवून खाली पाठवायचा. गठ्ठा आला याचा अर्थ, आता तारेवर कुणी नाही. बुर्गी गठ्ठा सोडायची, आम्हाला मोजायची आणि इंजिन बंद करायची. रोमेड आपला वरच्या खोपटाला कुलूप लावून स्कीवरून सुसाट घरी यायचा. फारच वादळ असलं तर तिथेच स्टोव्हजवळ झोपायचा. एखादी घोंगडी कमी निघाली तर बुर्गी पाहुण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आणि कमी तर निघतच असे.

तो दिवस फेब्रुवारीतला होता. दुपारी वारा फिरला, टेलिफोनच्या तारेवर बर्फ धरला आणि टेलिफोन मुका झाला. असं अधूनमधून व्हायचं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

शहरातलं एक कुटुंब आलं होतं. फरची टोपी घातलेले वडील, आई आणि एक लहान मुलगी. मुलीच्या मांडीवर मी होते. तिने हिरवा लांब मफलर गुंडाळला होता आणि वर पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलत होती, मला टोचरी मांजर म्हणत होती. वर पोचल्यावर ती उतरली, पण मफलरचं टोक खुर्चीच्या हातात अडकलं होतं. खुर्ची तर थांबत नाही. ती चाकाकडे निघाली आणि मुलगी गळ्याने मागे ओढली गेली.

रोमेडने लिफ्ट थांबवायच्या बटणाकडे धाव घेतली नाही, तेवढा वेळच नव्हता. त्याने खुर्चीसमोर अंग टाकलं, मफलर हिसडा देऊन सोडवला आणि मुलीला बाजूला फेकलं. खुर्चीचा पुढे आलेला लोखंडी दांडा त्याच्या मांडीत घुसला आणि त्याला चाकाच्या लाकडी खांबापर्यंत ओढत घेऊन गेला. मीही खाली पडले होते. माझ्या कोपऱ्यातला डाग तेव्हाचा आहे.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?" वडील ओरडले. "पोरीचा गळा आवळला असता!"

"खरंय साहेब," रोमेड म्हणाला. कठडा धरून तो उभा राहिला होता. "पण सुटली ती. रडू नको गं चिमणे, सुटलीस तू."

आईने त्याच्या पायाकडे पाहिलं. मी सांगते ना, पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

"चला, वारा वाढतोय," वडील म्हणाले.

रोमेडने एका पायावर उभं राहून तिघांना एकेका खुर्चीवर बसवलं. मुलीभोवती मलाच गुंडाळलं. आम्ही खाली आलो. खाली बुर्गी नेहमीसारखी हसतमुख उभी होती.

"या, या. कसं वाटलं वर? गारठलात ना?"

"तुमच्या घोंगड्यांना मेंढीचा वास येतो," वडील म्हणाले.

"मेंढीच्याच आहेत साहेब. गुलाबाचा कुठून यायचा?"

मुलगी म्हणाली, "आई, त्या काकांच्या पायाला..."

"चल बाळा, बस सुटेल," आई म्हणाली. ती क्षणभर बुर्गीसमोर घुटमळली, मग मुलीचा हात धरून निघून गेली.

एक वाक्य होतं, मित्रांनो. वरच्या माणसाला लागलं आहे, आमच्या मुलीला वाचवताना लागलं आहे. एवढंच. बुर्गी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याच हातात होते आणि माझ्या कोपऱ्याला ओलं रक्त होतं. पण करड्या लोकरीवर बर्फाची ओल काय आणि रक्ताची ओल काय, सारखीच दिसते. तिने मला झटकलं आणि वरच्या पाहुण्यांना उतरायला लागेल म्हणून रिकाम्या खुर्चीवर टाकून परत वर पाठवून दिलं.

शेवटचे पाहुणे उतरून गेले तेव्हा बर्फ आडवा पडायला लागला होता. रोमेडने मांडीला पट्टा आवळला होता, तरी त्याचा बूट आतून भरत होता. स्की घालणं शक्य नव्हतं. खोपटात थांबला असता तर सकाळपर्यंत रक्त किती गेलं असतं ते त्यालाही कळत होतं. त्याला डॉक्टर हवा होता आणि डॉक्टर खाली होता.

त्याने गठ्ठा बांधायला घेतला. तुम्ही म्हणाल, आता कसला गठ्ठा? पण गठ्ठा पाठवल्याशिवाय त्याचा दिवस संपत नसे. ओल्या घोंगड्या वर राहिल्या तर सकाळी पाहुण्यांना ओल्याच मिळणार, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरं काही सुचलंच नसावं. गठ्ठा चढवायचा आणि लगेच मागच्या खुर्चीवर आपण बसायचं, असा त्याचा बेत होता. म्हणजे बुर्गी गठ्ठा उतरवेल तेव्हा मागोमाग तो तिला दिसेलच.

बांधता बांधता त्याने मला बाहेर काढलं.

"तू राहा," तो म्हणाला. "आज तुझा पाहुणा मी."

गठ्ठा गेला. मागची खुर्ची आली. रोमेडने तिच्याकडे पाऊल टाकलं आणि तो पाय दुमडला. तो पडला. खुर्ची त्याच्या डोक्यावरून निघून गेली. पुढचीही गेली, तिच्यानंतरचीही. कठड्याला धरून उठेपर्यंत कितीतरी गेल्या. गठ्ठा केव्हाच धुक्यात नाहीसा झाला होता. शेवटी एकदाचा तो बसला, मला छातीपर्यंत ओढून घेतलं आणि स्वतःशीच बोलला, "एक कमी आहे. बुर्गी मोजेल. कमी निघाली की थांबेल ती."

आणि बुर्गीने खरंच मोजलं. हे तिने स्वतःच मला पुढे सांगितलं, एकदा नव्हे, शेकडो वेळा. तिने मोजलं, एक कमी निघाली, आणि ती संतापली. "नेलीच शेवटी! त्या फरटोपीवाल्यानेच मारली असणार. वास येतो म्हणे! चोर मेला!" रोमेडने घोंगडी घेतली असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? त्याने कधी घेतलीच नव्हती.

तिने इंजिन बंद केलं.

आम्ही घळीवर होतो. खाली पाहिलं तर झाडांचे शेंडे. खुर्ची थोडी पुढेमागे झोके घेत राहिली, मग वाऱ्याने तिला धरलं. रोमेडने हाका मारल्या. मग त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर ठोकायला सुरुवात केली. टक टक टक. तो आवाज तारेतून खाली चाकापर्यंत गेला. बुर्गीने दाराला कडी घालताना तो ऐकलासुद्धा. गारठ्यात चाकावरचा बर्फ तडकतो तेव्हा अगदी तसाच आवाज येतो. तिने वर पाहिलं, काही दिसलं नाही. एवढ्या वादळात रोमेड खोपटातच राहणार, असं धरून ती घरी गेली.

त्या रात्रीबद्दल मी फार बोलणार नाही. मी घट्ट होते. मी वारा आत येऊ दिला नाही. पण थंडी काय फक्त वाऱ्याबरोबर येते? तो माझ्याशी बोलत होता. आधी बुर्गीला शिव्या देत होता, प्रेमाच्या. मग मधेच म्हणाला, "पोरगी सुटली ना?" दोनदा विचारलं त्याने. मला हो म्हणता आलं नाही. माझ्या कडा त्याने मुठीत आवळून धरल्या होत्या. पहाटे कधीतरी त्या मुठी तशाच राहिल्या, पण धरणारा गेला होता.

सकाळ स्वच्छ निघाली. बुर्गी इंजिनाजवळ आली तेव्हा फरटोपीवाले गृहस्थ तिथे आधीच उभे होते. मुलीचा हातमोजा हरवला होता, तो शोधायला आले होते.

"माझी घोंगडी आणलीत का परत?" बुर्गीने फटकन विचारलं.

"कसली घोंगडी? आम्ही तर तुमच्या हातात दिली." मग त्यांना काहीतरी आठवलं. "हां, आणि तो वरचा माणूस. काल त्याच्या पायाला बरंच लागलं होतं. बरा आहे ना आता?"

बुर्गीचा हात किल्लीवर होता, तिथेच थांबला.

"काय म्हणालात?"

"त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

तिने मान वर केली. हवा इतकी नितळ होती की प्रत्येक खुर्ची मोजता आली असती. घळीवरच्या एका खुर्चीवर काहीतरी करडं होतं.

तिने इंजिन सुरू केलं. गावातली माणसं धावत आली. आम्ही खाली पोचलो तेव्हा बुर्गीला दोघांनी धरून ठेवलं होतं आणि ती त्यांना लाथा मारत होती. भावाला उतरवून घेतलं ते दुसऱ्यांनी. माझ्या कडा त्याच्या मुठीतून सोडवताना लाल पट्टी उसवली. फरटोपीवाले टोपी हातात घेऊन बर्फात उभे होते. "मला वाटलं," एवढंच ते म्हणत होते. "मला वाटलं..."

त्यानंतर नवा नियम झाला. गठ्ठा आला तरी सगळ्या खुर्च्या एकदा रिकाम्या फिरवून आणायच्या आणि मगच बंद करायचं. रोमेडच्या जागी कासियान आला, बुटका, गोलमटोल, दाढीमिशी न ठेवणारा. गेबहार्ट साहेबांनी मला जाळून टाकायला सांगितलं. बुर्गीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तो विषय पुन्हा काढायला धजले नाहीत. तिने मला खालच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. पाहुण्यांना ती मला कधी देत नसे.

आठवड्याभरात ती कामावर परत आली. दुसरं काय येत होतं तिला? पण आता ती खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची.

"वरचा माणूस कसा आहे?"

"कोणता माणूस?"

"ज्याने तुम्हाला खुर्चीवर बसवलं तो."

"होता कुणीतरी."

"बरा होता का? हातपाय शाबूत होते?"

"टोपी होती वाटतं त्याच्या डोक्यावर."

लोक हसायचे. काही घाबरायचे. गेबहार्ट साहेब म्हणायचे, "बुर्गी, पाहुण्यांना कशाला छळतेस? टेलिफोन आहे ना?"

"टेलिफोन तेव्हाही होता," ती म्हणायची.

आणि चाक वाजायचं. थंडी वाढली की संध्याकाळी टक टक टक. ती हातातलं टाकून बाहेर धावायची आणि मान वर करून उभी राहायची. टेलिफोनवर कासियान समजूत घालायचा, "बर्फ तडकतोय गं, बुर्गीमावशी."

"तेव्हाही बर्फच तडकत होता," ती म्हणायची.

मग ती आत येऊन मला खिळ्यावरून काढायची, मांडीवर घ्यायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची. मोजलं गं मी. एक कमी होती. मोजलं होतं मी. मला तर सगळं ठाऊक होतं, तिला ठाऊक नव्हतं तेही. पण मी काय करणार? टोचत राहायचे तिला, बस.

अशी बरीच वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले. पाहुण्यांपैकी एकानेही तिला कधी धड उत्तर दिलं नाही.

मग एका दुपारी स्टाना नावाची बाई लिफ्टवर बसली. ती दूर बोस्नियातून आली होती आणि खालच्या हॉटेलात भांडी घासायची. सुट्टीचा दिवस होता. गावात नवीन, आमची भाषा तोडकीमोडकी. वर गेली, डोंगर पाहिला आणि हवा बिघडायला लागली तशी सगळ्यांच्या शेवटी खाली आली. बुर्गी घोंगडी घ्यायला पुढे झाली. तिने काही विचारायच्या आत स्टानानेच तिचं मनगट धरलं.

"बाई, वरच्या माणसाला लागलंय. पायाला. खूप रक्त. त्याला खाली आणा."

बुर्गीने टेलिफोन उचलला.

"कासियान, तुझ्या पायाला काय झालं?"

"माझ्या? काही नाही. का गं मावशी?"

"वर आणखी कोण आहे?"

"कोण असणार? मी आणि स्टोव्ह. मी तर आत लाकडं घालत होतो. ती हॉटेलवाली बाई आपलीआपणच बसून गेली वाटतं."

स्टाना मान हलवत होती. "जाडा नाही. दुसरा. उंच, मिशी. त्याने मला खुर्ची धरली. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी मागून येते. तो म्हणाला, आधी पाहुणे."

बुर्गी खाली बसली. टेलिफोनमधून कासियान हॅलो हॅलो करत होता. थोड्या वेळाने ती उठली, खिळ्यावरून मला काढलं आणि टेलिफोनमध्ये म्हणाली, "कासियान, एक घोंगडी येतेय. तिला हात लावू नकोस. आणि मी सांगेपर्यंत काही बंद करू नकोस."

तिने मला रिकाम्या खुर्चीवर पसरलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी वर निघाले. धुकं उतरलं होतं. घळ आली तेव्हा माझा धागा अन् धागा आखडला. वर कासियान बाजूला सरून उभा होता, टोपी काढून. त्याने मला हात लावला नाही. मोठ्या चाकाला वळसा पडला.

मित्रांनो, पुढचं तुम्ही खरं मानाल की नाही, मला ठाऊक नाही. चाकापाशी खुर्ची खाली दबली. माझ्याखालून आयुष्यभर माणसं गेली आहेत. वारा कुठला आणि गुडघा कुठला, ते मला कळतं. गार होता तो, फार गार. कुणीतरी मला छातीपर्यंत ओढून घेतलं आणि माझ्या कडा मुठीत धरल्या. आम्ही घळीवर आलो. मला वाटलं, आता थांबेल. खुर्ची थांबली नाही. झाडांचे शेंडे मागे पडले.

खाली बुर्गी पाय रोवून उभी होती. तिने खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

"उतर रे," ती म्हणाली. "घाई नको. त्या पायावर भार देऊ नकोस. माझ्या खांद्यावर हात टाक. असा. टाक पूर्ण भार, मी काही मोडत नाही."

ती एक खांदा वाकवून हळूहळू बाकाकडे चालायला लागली. स्टाना क्षणभर पाहत राहिली. मग काही न विचारता ती दुसऱ्या बाजूला गेली आणि तिनेही आपला खांदा वाकवला. दोघी बायका मधे एका माणसाची जागा सोडून बर्फातून सावकाश चालत गेल्या. बाकापाशी बुर्गीने कुणाला तरी जपून बसवलं, तिथे मला पसरलं आणि स्वतः शेजारी बसून लहान मुलीसारखी रडली. स्टानाही रडली, का ते तिला धड कळलंही नसेल. मग बुर्गी उठली आणि तिने इंजिन बंद केलं.

चाक त्यानंतरही वाजायचं. बर्फ आहे, तडकणारच. पण बुर्गी पुन्हा धावत बाहेर गेली नाही. पाहुण्यांना मात्र ती कामावर होती तोवर विचारत राहिली.

आता बुर्गी नाही. लाकडी खुर्च्या गेल्या, काचेच्या डब्या आल्या, त्यांत म्हणे गरम हवा असते. मला तिकीटखिडकीजवळच्या बाकावर घातलं आहे. लोक माझ्यावर बसून बूट घालतात आणि टोचते म्हणून कुरकुरतात.

तुम्हीही कधी डोंगरावर जाल. तिथे लिफ्ट असेल, नाहीतर खेचर असेल, नाहीतर नुसता वाटेवरचा बर्फ उपसणारा एखादा माणूस असेल. कुणीतरी तुमचा हात धरून तुम्हाला उतरवून घेईल. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. तो थकला आहे का, भिजला आहे का, लंगडतो आहे का, ते बघा. त्याला दोन चांगले शब्द बोला, आणि खाली आल्यावर खालच्या माणसाला सांगा, तुमचा वरचा माणूस आमच्याशी किती चांगला वागला आणि तो आत्ता कसा आहे. लाजू नका, बस सुटेल म्हणून घाई करू नका. त्या संध्याकाळी बुर्गीच्या हातात असताना मी माझ्या धाग्याधाग्याने ते सांगायचा प्रयत्न केला, आणि तिने मला झटकून परत वर पाठवलं. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.